यंत्रातली कॉफी आणि गोदामातला हमाल

राहनाळ (भिवंडी), खास प्रतिनिधी

ठाण्याहून कशेळी-काल्हेरमार्गे भिवंडीकडे निघाले की पूर्णा, राहनाळ आणि अंजूरफाटा या पट्ट्यात गोदामांच्या रांगा सुरू होतात. मुंबईच्या वेशीबाहेर, जकातीच्या कक्षेबाहेर आणि तरीही मुंबईच्या हाकेच्या अंतरावर, या तीन गोष्टींनी हा पट्टा घडवला. जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विरून गेली; गोदामे मात्र गेली नाहीत. उलट ती अधिक उंच आणि अधिक ऐटदार झाली. ‘अ‍ॅमेझॉन’ने २०१३ साली भारतातील आपले पहिले गोदाम भिवंडीच्या परिसरात थाटले, तेव्हापासून पत्र्याच्या शेडची जागा संगणकीकृत वितरण केंद्रांनी घेण्यास प्रारंभ झाला. शेडमध्ये काचेची केबिन आली, केबिनमध्ये वातानुकूलन आले आणि केबिनच्या कोपऱ्यात कळ दाबताच कॉफी देणारे यंत्र आले.

हे यंत्र वरकरणी क्षुल्लक वस्तू. परंतु कामाच्या ठिकाणी चहा-कॉफीची सोय कशी करावी, हा प्रश्न राहनाळसारख्या गावात केवळ चवीचा राहिलेला नाही. केंद्राच्या नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. त्याआधी दोनच महिने, २२ सप्टेंबर २०२५ पासून, झटपट कॉफी व चहाच्या तयार मिश्रणांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. एकीकडे उपाहारगृहाची कायदेशीर जबाबदारी अधिक आस्थापनांवर येत आहे, तर दुसरीकडे यंत्राची पावडर करापुरती स्वस्त झाली आहे. अशा वेळी गोदाममालक आणि व्यवस्थापक नव्याने करार करतील हे उघड आहे. तो करार कोणता असावा आणि त्यात कोणाची गणती व्हावी, याचा विचार सही करण्यापूर्वीच व्हायला हवा.

कामाच्या वेळी चहा पिणे ही आपल्याकडे अनादि काळापासून चालत आलेली रीत आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात चहा उत्पादकांच्या संघटनेने गिरण्या, खाणी आणि कारखान्यांच्या आवारात चहाचे गाडे लावण्याची मोहीम हाती घेतली. कामगाराला मध्येच थोडी उसंत व एक पेला चहा दिल्यास काम वाढते, हे मालकांच्या गळी उतरवले. कॉफीची कथाही निराळी नाही. कॉफीचा खप देशातच वाढावा म्हणून स्थापलेल्या उपकर समितीने १९३६ साली मुंबईत चर्चगेटला ‘इंडिया कॉफी हाउस’ उघडले. पुढे कॉफी मंडळाने ही केंद्रे बंद करण्यास सुरुवात केली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५७ पासून कामगारांच्याच सहकारी संस्थांनी ती चालवायला घेतली. म्हणजे कामावरचा पेला हा मुळात बाजाराने शिकवलेला आणि नंतर कामगारांनी आपला मानलेला हक्क आहे. यंत्रमागाच्या भिवंडीत हा हक्क किटली आणि ‘कटिंग’च्या रूपाने रुजला. कॉफी येथे उशिरा आली आणि आली ती थेट यंत्रातूनच.

पावडर कसली, पाणी कोणते

यंत्र पुरवणारा येतो तेव्हा तो यंत्राची चकाकी दाखवतो. पाहायची असते ती पावडरीची पिशवी. बहुसंख्य यंत्रे तयार मिश्रणावर चालतात, ज्यात दूध पावडर, साखर आणि कॉफी एकत्रच असते. वेष्टनावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. पहिले नाव साखरेचे असेल तर आपण मुख्यतः साखर विकत घेत आहोत, हे समजून घ्यावे. दुधाऐवजी वनस्पती तेलापासून केलेला पांढरा भुगा असेल तर तोही त्याच यादीत सापडतो. या मिश्रणात साखर कमी करण्याची कळ नसते. मधुमेही लिपिकाला आणि पोरसवदा मदतनिसाला तोच गोडवा घ्यावा लागतो. एका पेल्यात सात ग्रॅम साखर धरली, तरी दिवसाच्या चार पेल्यांत २८ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराची जी आदर्श मर्यादा सुचवली आहे ती सुमारे २५ ग्रॅमची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. त्यामुळे साखर वेगळी ठेवणारे यंत्र मागणे ही चैन नव्हे.

कॉफीतील चिकोरीबद्दलही बरेच गैरसमज आहेत. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ; ती भेसळ नाही, पण कॉफीही नाही. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफीचे प्रमाण वजनाने किमान ५१ टक्के असावे आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापावे, असा अन्न सुरक्षा नियम आहे. बाजारात ७०:३० हे प्रमाण सर्रास आढळते. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका कॉफीने फेब्रुवारी २०२५ मध्ये पौंडाला चार डॉलरची पातळी ओलांडून विक्रम केला; अशा तेजीत पुरवठादाराचा कल चिकोरीचे प्रमाण वाढवण्याकडे झुकणे स्वाभाविक आहे. तेव्हा प्रमाण करारात लिहून घ्यावे. पहिल्या महिन्यात आलेली पावडर आणि सहाव्या महिन्यात आलेली पावडर एकच असेल, हे गृहीत धरू नये.

ताजे दूध वापरणारी यंत्रे चवीला निःसंशय सरस. पण राहनाळमध्ये त्यांची गाठ वाहतूक आणि उन्हाळ्याशी आहे. थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली आणि गरम पदार्थ ६० अंशांच्या वर ठेवावा, हा अन्न सुरक्षेचा ढोबळ नियम. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, वीज गेल्यावर दूध किती वेळ ५ अंशांखाली राहील? भिवंडीत वीज वितरणाचे काम २००७ पासून ‘टोरंट पॉवर’कडे फ्रँचायझी तत्त्वावर आहे आणि त्या कारभारावर वाद घालणाऱ्यांची येथे कमतरता नाही, पण वीज कोणीही दिली तरी दुधाच्या यंत्राला स्वतंत्र बॅटरी किंवा जनित्राची जोड लागतेच. ती नसेल तर दुधाच्या यंत्राचा मोह टाळलेला बरा. कॉफीचे दाणे तेथल्या तेथे दळणारी महागडी यंत्रे मुख्य कार्यालयात शोभतात. धूळ आणि खोक्यांच्या कातरणाने भरलेल्या गोदामात त्यांची चक्की फार काळ सुरळीत चालेल, असे वाटत नाही.

पाण्याचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि अन्य स्रोत नसेल तरच २००० पर्यंत मुभा आहे. नळाला पुरेसे पाणी नसेल तेथे टँकर येतो, टँकरचे पाणी बहुधा कूपनलिकेचे आणि म्हणून जड असते. जड पाणी यंत्राच्या उष्णकावर क्षारांचा थर चढवते, वीज अधिक खाते आणि कॉफीची चव मारते. पुरवठादार म्हणतो, ‘यंत्र बिघडले, पाणी तुमचे होते.’ हा वाद टाळण्यासाठी बसवण्यापूर्वी पाण्याची चाचणी, आणि गाळणी कोणाची व ती कोण बदलणार, हे लेखी असावे. यंत्राचे मिश्रण-भांडे व नळी रोज गरम पाण्याने धुणे आवश्यक असते. पावडर ओलावा शोषून घट्ट होते आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तर ते काम दिवसातून दोनदा करावे लागते. हे काम ज्याच्या गळ्यात पडते त्या मदतनिसाला कोणी दाखवून दिलेले नसते, ही खरी उणीव.

हिशेब किमान खपाचा

‘यंत्र मोफत, भाडे नाही’ असे सांगणाऱ्या करारात साधारणतः दोन अटी दडलेल्या असतात. पावडर आमचीच घ्यायची, आणि महिन्याला ठरावीक पेल्यांचे पैसे द्यायचेच. दुसरी अट राहनाळच्या गोदामांना विशेष जाचक ठरते, कारण येथील मनुष्यबळ हंगामानुसार फुगते आणि आटते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा, एका गोदामाच्या कार्यालयात ४५ माणसे आहेत, प्रत्येकी दिवसाला दोन पेले आणि महिन्याचे २६ दिवस. खप होतो २,३४० पेले. करारात किमान ३,००० पेल्यांची अट आणि पेल्याला आठ रुपये दर असेल, तर २४ हजार रुपये द्यावे लागतात. म्हणजे प्रत्यक्षात पेला सव्वादहा रुपयांना पडतो. आता त्याच आवारात माल चढवणारे-उतरवणारे ३० हमाल आहेत, ज्यांना केबिनमधल्या यंत्राकडे जाण्याची मुभा नाही. त्यांना त्याच हिशेबाने दोन पेले दिले तर खप १,५६० ने वाढून ३,९०० होतो आणि बिल ३१,२०० रुपये. वाढीव खर्च केवळ ७,२०० रुपये. हमालाच्या पेल्याचा खरा भार पडला चार रुपये साठ पैशांच्या आसपास. उरलेले पैसे मालक न प्यायलेल्या कॉफीपोटी आधीच मोजत होता. उलट, तोच हमाल बाहेरच्या टपरीवर दहा रुपयांची ‘कटिंग’ दोनदा घेतो तेव्हा महिन्याला ५२० रुपये स्वतःच्या खिशातून खर्च करतो.

आकडे प्रत्येक गोदामात बदलतील. पण हमालांना वगळून पैसे वाचतात हा समज कित्येकदा पोकळ असतो, एवढे त्यातून दिसते. मग त्यांना का वगळले जाते? कारण ते ‘आपले’ नसतात. कोणी ठेकेदाराचा, कोणी माथाडी मंडळाचा. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ साली झालेल्या माथाडी कायद्याने हमालाला मंडळात नोंदणी, मजुरीची हमी आणि भविष्य निर्वाहाची तरतूद दिली. पण ज्या दारात तो पोते उचलतो त्या दाराच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते. चहाचा पेला हजेरीपट पाहून भरला जातो.

येथेच नव्या संहितेचे महत्त्व. १९४८ चा कारखाने अधिनियम अमलात होता तोवर २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यालाच उपाहारगृहाची सक्ती होती आणि निव्वळ साठवणुकीचे गोदाम बहुधा ‘कारखाना’ या व्याख्येत बसतच नसे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कारखान्यापुरती मर्यादा न ठेवता ‘आस्थापना’ हा शब्द घेतला, उपाहारगृहासाठी १०० कामगारांचा आकडा ठरवला आणि त्या गणतीत कंत्राटी कामगार धरले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही १०० चा निकष आहे; शिवाय अनेक आस्थापनांनी मिळून सामाईक उपाहारगृह चालवण्यास त्यात वाव आहे. एकाच आवारात पंधरा-वीस गाळे असलेल्या राहनाळच्या गोदाम संकुलांना ही तरतूद जणू त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. तिचा लाभ घेण्याची हालचाल मात्र अभावानेच दिसते.

करखात्याची एक बारीकशी गाठही येथे आहे. मालकाने कर्मचाऱ्यांच्या खाद्य-पेयांवर भरलेला वस्तू व सेवा कर एरवी परताव्यास पात्र नसतो; पण ती सोय कायद्यानेच बंधनकारक असेल तर तो मिळू शकतो. म्हणजे ज्या आस्थापनेची गणती कंत्राटी हात धरून शंभरावर जाते, तिने सर्वांसाठी रीतसर उपाहारगृह उघडले तर करसल्लागाराशी बोलण्यासारखा मुद्दा हाती येतो.

रात्रपाळी आणि टपरी

दिवसा टपरी आहे, मग यंत्र हवेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पंचवीस-तीस माणसांच्या गोदामाने यंत्राच्या फंदात पडूच नये, असे आमचे मत आहे. जवळच्या चहावाल्याशी महिन्याचा दर ठरवावा, त्याची अन्न सुरक्षा विभागाकडील नोंदणी, म्हणजे तो चौदा आकडी क्रमांक, पाहून घ्यावी, आपला स्टीलचा थर्मास आणि पेले द्यावेत. पैसा गावातच राहतो, चहा ताजा मिळतो आणि यंत्र बिघडले म्हणून तंत्रज्ञाची वाट पाहावी लागत नाही. तो तंत्रज्ञ ठाण्याहून यायचा असतो आणि कशेळी ते अंजूरफाटा या रस्त्यावरील कंटेनरच्या रांगांत अडकलेला असतो. पुरवठादाराच्या पत्रकातील ‘चोवीस तासांत सेवा’ हे वचन या रस्त्याने तपासून घ्यावे.

रात्रपाळीचे गणित वेगळे. ई-व्यापाराच्या गोदामांत मध्यरात्री माल लागतो तेव्हा टपऱ्या बंद असतात, आणि डुलकी लागलेला फोर्कलिफ्टचालक हा सर्वांनाच धोका असतो. तेथे यंत्र उपयोगाचे, पण विवेकाने. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेऊ नये, असे म्हटले आहे. त्यातील आकड्यांनुसार १५० मिलिलिटर उकळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. शरीरातील कॅफिन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. सकाळी सातला सुटणाऱ्या पाळीने शेवटची कॉफी दोनच्या सुमारास घेतली तर घरी गेल्यावर झोप लागते. पाचला घेतली तर दिवस जागून काढावा लागतो आणि पुढची रात्र अधिक कॉफीवर. त्याच मार्गदर्शिकेने जेवणाच्या आधी व नंतर एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे, कारण त्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोह शरीराला नीट मिळत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. वेष्टन व वर्गवारीच्या कामावर स्त्रियांची संख्या मोठी असलेल्या गोदामांत जेवणाच्या सुटीला लागूनच चहा देण्याची पद्धत बदलली, तर त्यास पैसाही लागत नाही.

आणि पेल्याइतकीच निकड पाण्याची व उसंतीची. हरियाणातील मानेसर येथील एका ई-व्यापार गोदामात लक्ष्य पूर्ण होईपर्यंत पाणी वा स्वच्छतागृहासाठी न थांबण्याची शपथ कामगारांना दिल्याच्या बातम्यांची राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने जून २०२४ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. जेथे थांबायलाच सवड नाही, तेथे दाणे दळणारे यंत्र बसवूनही उपयोग शून्य. पाळीच्या मध्ये पंधरा मिनिटांची उसंत तक्त्यावर लिहिलेली असावी, यंत्र नंतर.

कोपऱ्यात गॅस किंवा स्टोव्ह पेटवून चहा करण्याची जुनी पद्धत मात्र ताबडतोब थांबायला हवी. गोदामांच्या आगी भिवंडी तालुक्याला नव्या नाहीत. सूत, प्लॅस्टिक, पुठ्ठा आणि काही ठिकाणी रसायने यांच्या शेजारी उघडी ज्योत ठेवून आपण काय वाचवतो? विजेवरचे यंत्रही मालाच्या थप्पीपासून दूर, स्वतंत्र जोडणीवर असावे.

पेल्यांबाबत थोडक्यात. राज्याची प्लॅस्टिकबंदी २०१८ साली आली, केंद्राची एकदाच वापरण्याच्या वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासून. त्यानंतर सगळे कागदी पेल्यांकडे वळले. परंतु कागद गळू नये म्हणून आत पातळ अस्तर असते. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना २०२० साली असे आढळले, की गरम द्रव पंधरा मिनिटे अशा पेल्यात राहिल्यास १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लॅस्टिककण उतरतात. वरच्या हिशेबातील ७५ माणसांचे गोदाम वर्षाला ४६,८०० पेले फेकते. शंभर-दीडशे स्टीलचे पेले आणि ते धुणारा एक माणूस, त्याच्या मजुरीसह, हा खर्च करारात धरावा.

राहता राहिला कराराचा काळ. पुरवठादार महिन्याच्या किमान खपावर अडून बसतात. भिवंडीत ते मान्य करू नये. दिवाळीच्या आधीचे दोन महिने येथे माणसे दुप्पट होतात आणि यंत्राला उसंत नसते. रमजानच्या महिन्यात दिवसाचा खप घसरतो आणि सारी मागणी इफ्तारनंतरच्या पाळीवर येते. आषाढ-श्रावणात आवक मंदावते. म्हणून किमान खप महिन्यावर नव्हे, वर्षाच्या सरासरीवर मोजावा, आणि एक महिन्याच्या सूचनेवर करार सोडण्याची मुभा दोन्ही बाजूंना ठेवावी. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळणार, हे त्याच कलमात लिहून घ्यावे.